फुकट ते पौष्टिक, पण रांधलं कुणी?

गेल्या वर्षीची गोष्ट. शुक्रवार संध्याकाळ, घरी पळायची वेळ, आणि नेमकं तेव्हाच क्लायंटला दाखवायच्या प्रेझेंटेशनची रंगीत तालीम ठेवलेली. चौथ्या स्लाइडवर निळ्या गोळ्यात पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आमचं प्रोप्रायटरी क्लायमेट इंजिन'.

मी शेजारच्याला हळूच विचारलं, "हे कुठलं रे इंजिन?"

तो म्हणाला, "अरे, तूच लिहिलंयस की ते!"

आता मी काय लिहिलं होतं ते मला चांगलं माहीत होतं. पायथनच्या सहाशे-सातशे ओळी. त्यातल्या निम्म्या फाइलींची नावं नीट करण्यात गेलेल्या. नासाच्या सर्व्हरवरून फाइली उतरवायच्या, त्यांतून कारखान्याच्या जागेचा चौकोन कापायचा, चाळीस अंशांच्या वर तापमान जाणारे दिवस मोजायचे, आणि नकाशावर लाल-पिवळे ठिपके टाकायचे. बस. हवामानाचं म्हणाल तर त्या कोडमध्ये एकही समीकरण नव्हतं. ह्याला इंजिन म्हणायचं तर एसटीचं तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला इंजिनाचा शोध लावणारा म्हणायला हरकत नाही.

मग खरं इंजिन कुणाचं? जरा मोजूया. आम्ही वापरत होतो तो डेटासेट म्हणजे नासाचा नेक्स-जीडीडीपी-सीएमआयपी६. जगभरातल्या निरनिराळ्या संस्थांची पस्तीस मॉडेल्स घेऊन, त्यांचे ढोबळ निकाल ०.२५ अंशाच्या जाळीवर (म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या चौकोनांत) बारीक करून नासाने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याचा पेपर २०२२ साली आला. त्यामागची पस्तीस मॉडेल्स म्हणजे अमेरिका, युरोप, जपान, चीन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत अशा देशांतल्या माणसांनी कित्येक दशकं घासून तयार केलेलं कोड. ते निकाल ज्या फॉरमॅटमध्ये साठवतात तो नेटसीडीएफ, अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या युनिडेटाचा. आम्ही फाइली उघडत होतो एक्सअरेने, आकडेमोड नमपायने, चित्रं मॅटप्लॉटलिबने. आणि पावसाचा जुना रेकॉर्ड आमच्या ऑफिसपासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ असलेल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, म्हणजे भारतीय हवामान विभागाचा.

आणि ह्यातल्या एकाचंही नाव त्या पस्तीस-चाळीस स्लाइडींत नव्हतं. अगदी शेवटच्या 'थँक यू'च्या स्लाइडवरसुद्धा नाही.

ह्याला आपल्याकडे फार जुना शब्दप्रयोग आहे : आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं. रेघोट्या ओढायला माझी ना नाही. माझी अख्खी करिअर त्यातच गेली. पण गिरणीचं नाव पुसून "पीठ आमच्याच जात्यावरचं" असं सांगायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

मी मीटिंगमध्येच म्हणालो की निदान एक स्लाइड 'डेटा व सॉफ्टवेअर' अशी टाकूया. त्यावर जे उत्तर मिळालं ते ह्या इंडस्ट्रीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असणार : "अरे, फ्रीच आहे ना ते? लायसन्स चेक केलंस ना? मग झालं तर!"

असो. तर मंडळी, आजचा लेख ह्या 'मग झालं तर'वर.

*

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा सोवळ्यात बसून बोलतोय. पाप मीही केलेलं आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मान्सूनच्या पावसावर एक प्रोजेक्ट केलं होतं. नकाशे काढायला ग्रॅड्स वापरलं होतं. ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, ग्रॅड्सच्या प्रत्येक चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत त्याचं आणि ते बनवणाऱ्या संस्थेचं नाव आपोआप उमटतं. मला कुणीतरी सीनियरने सांगितलं की ते 'बरं दिसत नाही'. एक कमांड आहे, 'सेट ग्रॅड्स ऑफ'. ती दिली की नाव गायब. मी ती प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत टाकली होती. रिपोर्टमध्ये दुसरीकडे कुठे नाव दिलं का? नाही. शेवटी आभार मात्र सगळ्यांचे मानले : प्राचार्य, विभागप्रमुख, लॅब असिस्टंट, आईवडील आणि परमेश्वर.

आणि गंमत म्हणजे त्याच काळात माझा घरचा पीसी रात्रभर क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट चालवायचा. ऑक्सफर्डवाल्यांनी २००३ साली सुरू केलेला प्रकल्प. ब्रिटिश हवामान खात्याच्या मॉडेलच्या हजारो प्रती, प्रत्येकीत थोडे थोडे वेगळे आकडे घालून, जगभरच्या लोकांच्या रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांवर चालवायच्या. जानेवारी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा पहिला मोठा पेपर आला, दोन हजारांहून जास्त सिम्युलेशन्सवर आधारलेला. त्या बॉइंक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मशीनने केलेल्या कामाचे गुण मिळायचे आणि त्या गुणांचं नावच 'क्रेडिट' होतं! म्हणजे त्या लोकांनी माझ्या खडखडणाऱ्या पेंटियमचीसुद्धा नोंद ठेवली होती. आणि मी दिवसा 'सेट ग्रॅड्स ऑफ' करत होतो.

*

आता 'लायसन्स चेक केलंस ना?'कडे येऊ.

लायसन्स आणि श्रेय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण इंजिनियर लोक ह्यात हमखास गोंधळ करतो, कारण लायसन्स ही आपल्याला कळणारी गोष्ट आहे. त्यात होय-नाही असतं. लायसन्स सांगतं की कायद्याने तुम्हाला काय करता येईल. तुमच्या आकड्यावर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा, हे लायसन्स सांगत नाही.

उदाहरण घ्या. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर तिथल्या कायद्याने कॉपीराइटच नसतो. वर्फ हे हवामानाचं मॉडेलही पब्लिक डोमेनमध्ये आहे, कुणीही घ्या. म्हणजे नाव न घेतल्याबद्दल तुमच्यावर कुणी दावा ठोकणार नाही. जीपीएलचं तर त्याहून मजेशीर. सायटेशनची सक्ती जादा अट म्हणून जीपीएलला चिकटवता येणार नाही असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेच आपल्या प्रश्नोत्तरांत लिहून ठेवलंय. पण त्याच उत्तरात शास्त्रीय लेखनात नीट सायटेशन महत्त्वाचं असतं हेही मान्य केलंय. म्हणजे कायद्याने सक्ती नाही, आणि तरी करायला हवं. आपल्या सभ्यपणाच्या बहुतेक गोष्टी ह्याच खात्यात मोडतात. सासरेबुवांना नमस्कार करायचीही कायद्याने सक्ती नाही.

शिवाय 'चेक केलंस ना'चं उत्तर बऱ्याचदा खरं नसतंच. सीएमआयपी६ चा बहुतांश डेटा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या' प्रकारच्या परवान्याखाली आहे. म्हणजे तिथे नाव देणं ही चक्क अट आहे. युरोपच्या कोपर्निकसकडून तुम्ही एरा५ उतरवता तेव्हाही वापरासोबत त्यांचं नाव द्यायचं मान्य करूनच उतरवता. चौकटीत टिक करून पुढे गेलात, एवढंच.

*

पण समजा, कायदा बाजूला ठेवला. सभ्यपणाही ठेवला. माझा खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

शास्त्रीय गायक गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. तो आदर आहेच. पण घराण्याचं नाव नुसतं आदरापोटी सांगत नाहीत. 'किराणा' म्हटलं की जाणकाराला कळतं, आता सुराची सावकाश बढत होणार. 'जयपूर' म्हटलं की तो अनवट रागाची आणि गुंतागुंतीच्या तानांची अपेक्षा ठेवून बसतो. घराणं ही माहिती आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर घराणं म्हणजे व्हर्जन नंबर.

हवामानाच्या मॉडेलचंही तस्संच. 'आम्ही क्लायमेट मॉडेल वापरलं' हे वाक्य 'आम्ही गाणं म्हटलं' इतकंच पोकळ आहे. एक ठोस उदाहरण देतो.

एनकार ह्या बोल्डरच्याच संस्थेचं सीईएसएम हे मॉडेल जगात सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या फुकट मॉडेलांपैकी एक. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला आणि पृथ्वीला नव्या तापमानावर स्थिरावू दिलं तर ती शेवटी किती अंशांनी तापेल, हा प्रत्येक मॉडेलला विचारायचा ठरलेला प्रश्न. सीईएसएम१ चं उत्तर होतं सुमारे ४ अंश. २०१८ साली सीईएसएम२ आलं, त्याचं उत्तर ५.३ अंश. संस्था तीच, नाव तेच, फक्त शेवटचा आकडा बदलला आणि उत्तर सव्वा अंशाहून जास्त सरकलं! मुख्य कारण ढगांचं गणित बदललं हे. आणि पुढे २०२१ मध्ये त्याच मॉडेलने शेवटचं हिमयुग उभं करून बघितलं तर ते पुराव्यांपेक्षा फारच थंड निघालं. म्हणजे मॉडेल प्रमाणाबाहेर संवेदनशील असावं. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाने ह्या आकड्याची संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश धरली आहे. सीईएसएम२ त्याच्या बाहेर पडतं. सीएमआयपी६ मधली अशी आणखीही काही मॉडेल्स 'जास्त गरम' आहेत, आणि २०२२ मध्ये झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मधून सरळ सांगितलं की सगळ्या मॉडेलांची डोळे झाकून सरासरी काढू नका.

आता सांगा, मॉडेलचं नाव आणि व्हर्जन न लिहिता दिलेल्या 'दोन हजार पन्नासमध्ये इतके गरम दिवस' ह्या आकड्याची किंमत काय? माझ्या मते कुडमुड्या ज्योतिषाएवढी. ज्योतिषी निदान पंचांग कुठलं ते सांगतो.

व्हर्जनच्या खाली आणखी एक थर असतो, तो म्हणजे सेटिंग्ज. मुंबईतल्या लोकांना २६ जुलै २००५ वेगळी सांगायला नको. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. इतका पाऊस इतक्या छोट्या पट्ट्यात पडला, म्हणून देशोदेशीच्या संशोधकांनी तो दिवस मॉडेलमध्ये पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला. वर्फसारख्या मॉडेलमध्ये ढगातल्या थेंबांसाठी, संवहनासाठी, जमिनीच्या पृष्ठभागासाठी प्रत्येकी कितीतरी पर्याय असतात. एक पर्याय बदला, पाऊस कमी होतो. दुसरा बदला, पाऊस मुंबई सोडून भलतीकडेच पडतो. जाळी किती बारीक ठेवली, सुरुवातीची स्थिती कुठल्या डेटावरून घेतली, सगळ्याने फरक पडतो. म्हणून 'वर्फ चालवलं' एवढंच लिहिणारा माणूस रेसिपी विचारल्यावर 'गॅस पेटवला' म्हणून सांगणाऱ्या नवरोबासारखा असतो.

*

परत आमच्या स्लाइडवर येतो. कारण ती गोष्ट तिथे संपली नाही.

प्रेझेंटेशन झालं, क्लायंट खूश. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या एक हजार कंपन्यांना बीआरएसआर म्हणजे पर्यावरण-समाज-कारभाराचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून ह्या धंद्याला बरकत आहे. 'तुमच्या कारखान्याला हवामानबदलाचा धोका किती' हे सांगणारे डॅशबोर्ड पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवलेत. आमचंही एक.

पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या टीमने तोच डॅशबोर्ड नव्याने डेटा घेऊन चालवला. चाकणच्या एका कारखान्याच्या गरम दिवसांचा आकडा आधीपेक्षा बराच वर गेला. क्लायंटकडच्या बाई हुशार. त्यांनी तीन ओळींची मेल पाठवली : आधीचा आकडा बरोबर की आत्ताचा? कुठली मॉडेल्स वापरली? दोन्ही वेळा तीच होती का?

त्या हे सहज विचारत नव्हत्या. शॉप-फ्लोअरवर हवा खेळती ठेवायच्या यंत्रणेवर किती खर्च करायचा हे त्यांना त्या आकड्यावरून ठरवायचं होतं. म्हणजे तिथे उन्हाळ्यात आठ आठ तास उभी राहणारी माणसं त्या आकड्याच्या पलीकडे होती.

आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या वेळी पस्तीसपैकी काही मॉडेल्स घेतली होती, कारण सगळं उतरवायला डिस्क पुरत नव्हती. कुठली घेतली, ते ज्या मुलाने ठरवलं तो नोकरी सोडून बंगलोरला गेलेला. डेटासेटची कुठली आवृत्ती होती, नोंद नाही. (नासाने मधल्या काळात सुधारित आवृत्त्या दिल्या आहेत.) रिपोर्टमध्ये लिहिलेलं काय, तर 'प्रोप्रायटरी क्लायमेट इंजिन'. त्या शब्दांनी आम्ही नासाचं श्रेय खाल्लं होतंच, पण आमचा आमच्याच घरी परतायचा रस्ताही पुसून टाकला होता.

दोन शनिवार-रविवार घालवून, जुने लॉग उकरून, मी अखेर पहिली यादी जुळवली. आधीच्या सेटमध्ये योगायोगाने थंड बाजूची मॉडेल्स जास्त आली होती, नंतरच्यात 'गरम' घराण्यातली दोन-तीन घुसली होती. म्हणजे दोन्ही आकडे चुकीचे नव्हते आणि दोन्ही जसेच्या तसे विश्वासाचेही नव्हते. हे पहिल्या दिवशी एका तळटीपेत लिहिलं असतं तर बाईंनी स्वतःच ओळखलं असतं.

श्रेय देणं ही माझ्या मते दानधर्माची बाब नाही ती ह्यामुळे. आपण कोडमध्ये ज्याला डिपेंडन्सीची यादी म्हणतो, तीच ही. कुठली लायब्ररी, कुठलं व्हर्जन, हे न लिहिता कुणी कोड रिव्ह्यूला पाठवलं तर आपण त्याला उभं करत नाही. मग रिपोर्टला वेगळा न्याय का?

*

तिसरा मुद्दा, गिरणी चालू राहण्याचा.

१० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगाने पाहिलं. त्या चित्रामागे मॅटप्लॉटलिबसकट पायथनची सगळी फुकट अवजारं होती. त्यानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ह्याच अवजारांच्या देखभालीसाठी केलेला निधीचा अर्ज नाकारला. कारण? पुरेसा प्रभाव दिसत नाही! प्रभाव भिंतीवर टांगलेला होता. पण कागदावर दिसायला तो कुणीतरी लिहावा लागतो ना. न लिहिलेला वापर हा निधी देणाऱ्याच्या लेखी न झालेला वापर.

मे २०२५ मध्ये नेटसीडीएफवाल्या युनिडेटाच्या निधीत खंड पडला आणि बहुतेक काम थांबवून जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी बसवावं लागलं. जगातला बहुतेक हवामान-डेटा ज्या फॉरमॅटमध्ये आहे, त्याचे सांभाळकर्ते घरी! त्याच महिन्याच्या अखेरीस नासाच्या गिस ह्या संस्थेला न्यूयॉर्कमधली जुनी जागा सोडावी लागली, भाडेकरार रद्द झाला म्हणून. हीच ती संस्था, जिचं मॉडेल आणि तापमानाच्या नोंदींचं कोड कुणालाही उतरवता येतं. २००८ मध्ये निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स ह्या दोन ब्रिटिश प्रोग्रामरांनी गिसचं ते तापमानाचं जुनं कोड हौसेने पायथनमध्ये नव्याने लिहायला घेतलं. बारीकसारीक चुका सापडल्या, मूळ निष्कर्ष मात्र तोच निघाला. आपल्यासारख्याच माणसांनी शास्त्रज्ञांचं काम असं तपासून दाखवलं, कारण कोड उघडं होतं आणि कुठला आकडा कुठून आला त्याचा माग लावता येत होता.

आता मी असं म्हणत नाही की आपण चार तळटीपा लिहिल्या असत्या तर हे सगळं वाचलं असतं. राजकारण राजकारणाच्या जागी. पण ह्या संस्थांना उद्या कुणी विचारलं की तुमचं काम वापरतं कोण, तर संशोधकांचे पेपर त्यांना दाखवता येतील. तुमच्या-माझ्या डॅशबोर्डांचं, रिपोर्टांचं, अ‍ॅपचं काय? हा सगळा वापर आपण 'प्रोप्रायटरी' गोळ्यात लपवला. तो मोजला जाणार तरी कसा?

*

आता नेहमीचे आक्षेप.

१) "त्यांनी फुकट दिलं, त्यांची अपेक्षाच नव्हती." अपेक्षा पैशांची नव्हती. नावाची होती, आणि ती त्यांनी लिहूनही ठेवलेली असते. बहुतेक मॉडेलांच्या पानावर 'असं सायट करा' असा परिच्छेद असतो. गिटहबनेही २०२१ मध्ये सायटेशनच्या फाइलीची सोय केली. बटण दाबा, ओळ तयार. आपण ते पान वाचत नाही इतकंच.

२) "मग एक्सेल आणि विंडोजचंही नाव लिहू का?" नका लिहू. साधी कसोटी लावा : हे अवजार बदललं तर माझा आकडा बदलेल का? मॉडेल बदललं तर बदलेल, डेटा बदलला तर बदलेल, जाळी बारीक करायची रीत बदलली तर बदलेल. रिपोर्ट टाइप केला ते सॉफ्टवेअर बदललं तर नाही बदलणार. (एक्सेलमध्ये आकडेमोड करत असाल तर मात्र लिहाच, आणि थोडी काळजीही करा.)

३) "क्लायंट वाचत नाही." औषधाच्या पाकिटातला कागदही कुणी वाचत नाही, रिअ‍ॅक्शन येईपर्यंत. आमच्या बाईंनी वाचला असता.

४) "फुकट डेटा आहे कळलं तर क्लायंट पैसे का देईल?" हा खरा आक्षेप. बाकीचे तोंडी लावायला असतात. आणि ह्याचं उत्तर असं की डॉक्टर औषध बनवत नाही, तरी आपण त्याची फी देतोच. कुठलं मॉडेल ह्या जागेला चालेल, कुठलं टाळायचं, आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे सांगणं ही विकण्यासारखी कला आहे. ती येत नसेल तरच गोळ्यात लपावं लागतं.

५) "सायट करायचं तरी कसं? त्यांच्याच पानावर दहा वर्षं जुना पेपर दिलेला असतो." हा आक्षेप मला मान्य आहे. अवजारं बनवणारेही ह्यात ढिसाळ असतात. पेपर २००८ चा, कोड गेल्या महिन्याचं, आणि मधल्या काळात घाम गाळणाऱ्या पोरांची नावं कुठेच नाहीत. म्हणूनच पेपरसोबत सॉफ्टवेअरचं व्हर्जनही लिहायचं, आणि असेल तर त्या व्हर्जनचा झेनोडोवरचा डीओआय. 'जिओसायंटिफिक मॉडेल डेव्हलपमेंट' हे जर्नल २००८ पासून चालू आहे. ते तर मॉडेलचं नाव आणि व्हर्जन पेपरच्या शीर्षकातच मागतं. शीर्षक बोजड होतं, पण माणूस हरवत नाही.

*

आणि कुणी म्हणेल की हे सगळे परदेशी चोचले, तर त्याला मी पाषाणला घेऊन जाईन. आपल्या आयआयटीएमने बनवलेलं अर्थ सिस्टिम मॉडेल हे सीएमआयपी६ मध्ये उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल. ते कोऱ्या पाटीवर लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या सीएफएस ह्या हंगामी अंदाजाच्या मॉडेलवरून ते वाढवलं, त्यातला समुद्र प्रिन्स्टनच्या जीएफडीएलचा. आणि हे पुणेकर शास्त्रज्ञांनी लपवलं का? २०१५ च्या त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच लिहिलंय की एका हंगामी मॉडेलचं हे रूपांतर आहे. त्याआधी २००६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये भारतासाठी एकविसाव्या शतकाचं चित्र मांडलं, तेव्हाही ब्रिटनच्या हॅडली सेंटरच्या प्रेसिस मॉडेलचं नाव ठळकपणे सांगितलं. कानाला हात लावून गायले, आणि गाणं कमी ठरलं नाही.

वेधशाळेच्या पावसाच्या डेटाचंही बघा. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'मौसम'मध्ये तो मांडला : १९०१ पासूनचा दररोजचा पाऊस, ०.२५ अंशाची जाळी, त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे सकाळी साडेआठला कुणीतरी उठून, भर पावसात, मापात पाणी ओतून आकडा वहीत लिहिलेला. त्या माणसांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. निदान ज्या पेपरमध्ये त्यांचा घाम जमा झाला आहे, त्याचं नाव लिहायला काय हरकत आहे? एक ओळ लागते.

ती ओळ कशी असावी, तर अगदी साधी. पाऊस अमुक संस्थेचा, अमुक पेपरमधला, अमुक ते अमुक वर्षांचा, अमुक तारखेला उतरवलेला. भविष्याचे अंदाज अमुक डेटासेटच्या अमुक आवृत्तीचे, त्यातली अमुक मॉडेल्स, अमुक सिनारिओ, बाकीची का वगळली ते एका वाक्यात. आकडेमोड अमुक सॉफ्टवेअरने, अमुक व्हर्जन. आमचं काम इथून सुरू होतं : जागा निवडणं, दिवस मोजणं, अर्थ लावणं. दहा मिनिटं लागतात. मला नंतर दोन वीकेंड लागले.

*

शेवटी काय झालं ते सांगून थांबतो.

बाईंच्या मेलला गुळमुळीत उत्तर द्यावं असं वरून सुचवण्यात आलं होतं. 'मॉडेल रिफाइनमेंट' वगैरे. मी तसा ड्राफ्ट लिहिलाही, आणि रात्री साडेअकराला तो पुसला. जे होतं ते लिहिलं : मॉडेलांच्या दोन्ही याद्या, फरक का पडला, गरम मॉडेल्स कुठली, आणि आकडा एक न धरता पट्टा धरा म्हणून. मॅनेजरला आधी दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, "पाठव. पण कॉन्ट्रॅक्ट गेलं तर तुझ्या नावावर."

गेलं नाही. फार कौतुकही झालं नाही. बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं : हे पहिल्या रिपोर्टमध्ये का नव्हतं?

तेव्हापासून आमच्या प्रत्येक रिपोर्टला शेवटी दीड पानाचं परिशिष्ट असतं. चौथ्या स्लाइडवरचा निळा गोळा मात्र अजून तिथेच आहे. मार्केटिंगवाल्यांशी भांडण चालू आहे. पुढच्या आठवड्यात परत मीटिंग आहे, बघू.

ता. क. : कॉलेजच्या त्या प्रोजेक्टची सॉफ्ट कॉपी जुन्या सीडीवर सापडली. नकाशे पुन्हा काढायला गेलो तर डेटा कुठून घेतला होता तेच लिहिलेलं नाही. तुमचाही असा एखादा रिपोर्ट पडलेला असेलच. आज रविवार आहे, उघडून बघा.